अभिवाचन (ध्वनिपुस्तकं आणि पॉडकास्टसाठीचं फ्रीलान्स काम)

पुस्तक, कथा किंवा मालिकेची संहिता माइकसमोर वाचून तिचं रेकॉर्डिंग करून द्यायचं, आणि तेही पगारावर नाही तर कामागणिक पैसे घेऊन, याला मराठीत आता पुष्कळदा अभिवाचन म्हणतात. म्हणजे शब्द जुनाच, स्टेजवर पुस्तक हातात धरून करतात त्या वाचनाचा, तोच इकडे आला. संहितेचं ऑडिओसाठी रूपांतर, एडिटिंग, प्रूफ ऐकणं (म्हणजे रेकॉर्डिंग ऐकत चुका शोधणं), साऊंड डिझाइन ही कामंही याच लोकांकडे असतात, बऱ्याचदा एकाच माणसाकडे. इथे भर वाचणाऱ्यावर दिलाय.

उगम. यावर एकमत नाही. एक मत असं की ही परंपरा पोथीवाचनाची, श्रावणात एकजण वाचतोय आणि घर ऐकतंय, शेवटी वाचणाऱ्याला दक्षिणा. हे मत ऐकायला गोड आहे आणि वाचून दाखवण्याचा मोबदला देण्याची सवय किती जुनी आहे हे त्यातून कळतंच, पण समोर कोणीच बसलेलं नसताना एकाच श्रोत्याच्या कानाजवळ बोलावं तसं बोलायचं, हे पोथीतून येत नाही. दुसरं मत कथाकथनाचं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार गावोगाव कथा सांगत फिरले, पुढे व. पु. काळ्यांच्या कॅसेट घराघरात वाजल्या. पण तिथे लेखक आपलीच कथा सांगतो आणि हशा आला की थांबतो, दुसऱ्याचं लिखाण दहा-बारा तास त्याच सुरात वाचणं हा वेगळा प्रकार आहे. तिसरं मत रेडिओचं, आणि आजच्या कामाशी जास्त जुळतं ते हेच. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला खासगी कंपनीने सुरू केलं, ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ चं, आणि पुढे आकाशवाणीवर नोकरीतल्या निवेदकांबरोबर ड्यूटीवर बोलावले जाणारे कॅज्युअल निवेदक आणि श्रुतिकांसाठी (रेडिओवरच्या नाटकांसाठी) ऑडिशन देऊन ग्रेड मिळवलेले कलाकार अशी फळी उभी राहिली, ग्रेडप्रमाणे फी. कामागणिक पैसे, माइकची शिस्त, कागद न वाजवता पान उलटणं, सगळं तिथलं.

जगात ध्वनिपुस्तकांची सुरुवात अंधांसाठी झाली असं साधारण धरतात. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी छापली त्यात अंधांसाठी बोलणारी पुस्तकं होती, पण पूर्ण पुस्तक तबकड्यांवर बसायला १९३० चं दशक उजाडलं. पॉडकास्ट हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये पत्रकार बेन हॅमर्सली यांच्या गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्रातल्या लेखात आला, तंत्राचं श्रेय मात्र सॉफ्टवेअर लिहिणारे डेव्ह वायनर आणि निवेदक अॅडम करी यांच्यात वाटून देतात. मराठीत खासगी काम वाढलं त्यात स्वीडनच्या स्टोरीटेल या ध्वनिपुस्तकांच्या कंपनीचा वाटा मोठा, ती २०१७ च्या शेवटी भारतात आली तेव्हा इंग्रजी-हिंदीच्या जोडीला मराठी पहिल्यापासून होती.

उच्चार. मराठी वाचणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे आणि यावर हवं तेवढं लिहिलं जात नाही. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, अक्षरं तीच, ज वेगळा. 'चार' आकडा आणि गुरांना 'चार' म्हणजे चारा खाऊ घाल, तसंच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगून घे. 'माझा' मधला झ 'माझी' मध्ये बदलतो. घरात मराठी बोलणारा हे न शिकता करतो, पण तिसऱ्या तासाला जीभ थकली की इथेच घसरतो, म्हणून मुरलेले वाचक आदल्या दिवशी संहितेवर पेन्सिल घेऊन बसतात, दंत्य (जीभ दातांजवळ नेऊन म्हणायच्या) च-ज खाली टिंब, श्वासाच्या जागी तिरकी रेघ, प्रत्येक पात्राच्या संवादाला वेगळा रंग. बोलीचे संवाद असतील तर आणखी एक दिवस. मालवणी किंवा वऱ्हाडी येत नसताना नुसता हेल काढून वाचलं की त्या भागातल्या श्रोत्याला पहिल्या वाक्याला कळतं. अशा वेळी तिथल्या माणसाला विचारावं, नाहीतर काम सोडावं.

मोजमाप. पैसे बहुधा तयार तासावर ठरतात, म्हणजे सगळं कापून-जोडून जो एक तास ऐकायला उरतो त्यावर. इंग्रजीत त्या तासात साधारण नऊ हजार शब्द धरतात. पण तो एक तास हाती यायला वाचन, चुका दुरुस्त करणं, एडिटिंग, प्रूफ असं मिळून सहा तासांच्या आसपास सहज जातात, आणि नवीन माणूस इथेच फसतो कारण त्याला वाटतं तासाचे पैसे तासाला मिळाले. चुकलं की 'पंच अँड रोल', म्हणजे काही सेकंद मागे जाऊन स्वतःचाच आवाज ऐकत चुकलेल्या जागेपासून पुढे रेकॉर्ड करायचं. नंतर सापडलेल्या चुका परत वाचून देणं म्हणजे पिकअप. आपल्या चुकीचे पिकअप फुकट आणि संहिता बदलल्यामुळे आलेले पिकअप पैसे घेऊन, हे कामाआधी लिहून घ्यावं.

आवाजाची पातळीही ठरलेली असते. ऑडिबल ही ध्वनिपुस्तकं विकणारी कंपनी, तिच्या एसीएक्स या ध्वनिपुस्तकं बनवून घेण्याच्या मंचाचा नियम असा की सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, शिखर (सगळ्यात मोठा आवाज) उणे ३ च्या खाली आणि खोलीची शांतता उणे ६० च्या खाली. अॅपल पॉडकास्टसाठी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) जवळ ठेवायला सांगतं. यातला उणे ६० चा आकडा मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात अवघड. पंखा बंद, फ्रिज बंद, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्यात तोंड करून बसायचं, मागे गोधडी टांगायची, आणि शेजारी कुकर लागला की शिट्ट्या मोजत थांबायचं. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की काम रात्रीवर जातं. जवळ हिरवं सफरचंद ठेवतात, त्याने तोंडातला चिकट टकटक आवाज कमी होतो, आणि उपाशी बसत नाहीत, पोटाचा आवाज माइक सोडत नाही.

हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचा हक्क आला, पुढे त्याची मुदत ५० वर्षं झाली आणि २०१२ मध्ये व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीची आणि नाव देण्याच्या हक्काची भर पडली. व्याख्येत पुस्तक वाचणारा असा शब्द नाही पण व्याख्याता आहे आणि 'सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती' आहे, त्यामुळे वाचक त्यात बसतो हेच मत पटतं. हक्क लिहून दिले आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. करारात 'सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं असेल तर ही सोय उरत नाही. अलीकडे त्यात मशीनला आवाज शिकवण्याची परवानगीही घुसवलेली दिसते, ती वेगळी काढून तिचे पैसे वेगळे ठरवावेत.

अंधांसाठीच्या प्रतींना २०१२ च्याच दुरुस्तीने परवानगीतून सूट दिली आणि अशा प्रतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला सगळ्यात आधी, २०१४ मध्ये, मान्यता दिली ती भारताने. या प्रती बहुतेक स्वयंसेवक वाचतात आणि फ्रीलान्समध्ये आलेल्या कित्येकांचा हात तिथेच बसलेला असतो.