स्वयंभू गंधार आणि पेटीतला गंधार

गाण्याच्या क्लासात बाई तंबोरा जुळवायला बसल्या की खोलीतला पंखा बंद व्हायचा. मधल्या जोडीच्या दोन तारांपैकी एक आधीच लागलेली असे. दुसरीची खुंटी पिळत पिळत त्या तिला पहिलीच्या जवळ आणत. अगदी जवळ आली की आवाज हलायला लागे. दोन्ही तारा मिळून जणू श्वास घेताहेत असं वाटे: आधी भरभर, मग संथ, मग आणखी संथ. शेवटचा केसभर फरक खुंटीने जात नसे. तो तारेतला मणी सरकवून घालवावा लागे. आणि एका क्षणी ते हलणं थांबून दोन तारांची एकच तार होई.

मग घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवायचा. एक धागाभर पुढे, एक धागाभर मागे. मध्येच तारेचा आवाज उघडायचा, झणझणीत व्हायचा. जवारी खुलली. बाई खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची, तार छेडून डोळे मिटत आणि म्हणत, “बघ, गंधार बोलतोय.”

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पंचम म्हणजे प कळत होता, षड्ज म्हणजे सा कळत होता. पण चार तारांमध्ये गंधाराची, म्हणजे ग ची, तारच नाही, मग गंधार बोलतोय कुठून? मी मान हलवली आणि ऐकू आल्यासारखं केलं.

संगीतातलं किंवा चित्रातलं सौंदर्य हे ज्याच्या-त्याच्या आवडीवर असतं, की त्याला काही पक्के निकष असतात, हा वाद आपल्याकडे मैफलीनंतरच्या चहापासून विद्यापीठातल्या चर्चासत्रापर्यंत सगळीकडे चालतो. एक जण “व्यक्ती तितक्या प्रकृती” म्हणून मोकळा होतो, दुसरा शास्त्राचा हवाला देतो. मला दोघांचंही घाईचं वाटतं. या प्रश्नाचे निदान दोन तुकडे पडतात, आणि ते कुठे पडतात हे तंबोऱ्याइतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

आधी ते हलणं घेऊ. एक तार सेकंदाला २४० वेळा कंप पावते आणि दुसरी २४३ वेळा. दोन्ही लाटा कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना खोडतात, आणि त्यामुळे आवाज सेकंदाला बरोबर तीन वेळा मोठा-लहान होतो. शाळेच्या पुस्तकात यांना विस्पंद म्हणतात. फरक वाढला तर विस्पंद मोजता येत नाहीत, आवाज खरखरीत लागायला लागतो. फरक आणखी वाढला की खरखर जाते आणि दोन सूर वेगळे, सुटे ऐकू येतात.

हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली सुसंवादाचं सगळं कोडं या खरखरीवर आणून ठेवलं. कोणताही गाता सूर एकटा नसतो. २४० कंपनांच्या षड्जात ४८०, ७२०, ९६०, १२०० असे त्याच्या पटींतले अधिस्वरही असतात. ३६० च्या पंचमात ७२०, १०८०, १४४० असतात. षड्जाचा ७२० आणि पंचमाचा ७२० तंतोतंत जुळतात, म्हणून खरखर होत नाही आणि सा-प गोड लागतात. सा आणि कोमल रिषभ एकत्र वाजवा, त्यांचे अधिस्वर जागोजागी एकमेकांना घासतात.

पुढे १९६५ मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या दोन डच संशोधकांनी या खरखरीचं नातं कानाच्या रचनेशी जोडून दाखवलं. आपल्या आंतरकर्णातल्या शंखात जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीचा एक पडदा गुंडाळलेला असतो. उंच सूर त्याच्या एका टोकाला हलवतात, खालचे दुसऱ्या टोकाला. दोन सूर फार जवळचे असले की पडद्याचा जवळजवळ एकच भाग दोघांना सांभाळावा लागतो, आणि तिथे ती खरखर उमटते. नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या (श्रुती म्हणजे स्वरांमधलं बारीक अंतर) अंतरावरचे स्वर संवादी, म्हणजे जुळणारे, आणि दोन श्रुतींवरचे विवादी, म्हणजे न जुळणारे, म्हटले आहेत. नऊ म्हणजे सा-म, तेरा म्हणजे सा-प. शंखातल्या पडद्याची कुणाला कल्पनाही नव्हती तेव्हा, नुसत्या कानाने केलेली ही वाटणी आहे.

म्हणजे एवढं तरी खरं: दोन तारा जुळल्या आहेत की नाहीत, याला मत लागत नाही. विस्पंद मोजा, उत्तर मिळतं.

आता तो न दिसणारा गंधार. खर्जाची तार १२० कंपनांची असेल तर तिच्या पाचपटीत ६०० येतं, आणि ६०० म्हणजे २४० च्या षड्जाचा, वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. प्रत्येक तारेत हा पाचवा अधिस्वर थोडाफार असतोच. पण बहुतेक वाद्यांत तो दबलेला राहतो. तंबोऱ्यात तो वर का येतो, याकडे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. प्रकाशावरचं त्यांचं नोबेलचं काम पुढे झालं. त्याआधी कोलकात्यात ते वाद्यांच्या मागे होते. तार नेमकी मध्यावर छेडली तर ज्या अधिस्वरांचा स्थिर बिंदू तिथे येतो ते ऐकू येऊ नयेत, असा जुना नियम. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे रामन यांनी १९२१ च्या आपल्या निबंधात मांडलं. कारण घोडीत आहे. गिटारची तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची तार रुंद, किंचित बाकदार घोडीवर निजलेली असते, कंप पावताना तिच्यावर लोळते आणि क्षणोक्षणी तिची लांबी बारीकशी बदलते. खालच्या स्वरातली ताकद त्यामुळे वरच्या अधिस्वरांकडे सतत पोचत राहते. दोरा ठरवतो तो हा स्पर्श कुठे सुरू व्हायचा ते. मिरजेचे कारागीर घोडीला कानस लावून जवारी काढतात ती याच बाकासाठी. मोजमापाचं यंत्र त्यांच्या हातात नसतं. कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस.

तबल्याची गोष्ट तर याहून थक्क करणारी आहे. साधा ताणलेला गोल पडदा वाजवला तर त्याचे वरचे स्वर १.५९, २.१४, २.३० अशा आडमुठ्या पटींत येतात, म्हणून साध्या ढोलाला पक्का सूर नसतो. तबल्याच्या मधोमध शाईचे थर एकावर एक चढवून, प्रत्येक थर दगडाने घोटून वजन वाढवलं की याच पटी दोन, तीन, चार, पाच अशा पूर्ण आकड्यांच्या अगदी जवळ येतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली हे जगापुढे ठेवलं. कातडं तारेसारखं गायला लागावं म्हणून कुण्या अनाम कारागिरांच्या किती पिढ्या शाई घोटत राहिल्या असतील! पूर्ण पटींकडे त्यांना ओढून नेलं ते निव्वळ लहरीने, असं मला म्हणवत नाही.

इथपर्यंत आलं की सौंदर्याचा निकष हाती लागला असं वाटतं. अडचण सुरू होते ती पेटीपाशी, म्हणजे हार्मोनियमपाशी.

बाजारातल्या बहुतेक पेट्या सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या असतात. कोणत्याही पट्टीतून गाता यावं ही त्यामागची सोय. त्या हिशोबात पंचम ३५९.६ वर येतो, म्हणजे जवळजवळ बरोबर. पण गंधार ३०० ऐवजी ३०२.४ वर जातो. फरक किरकोळ दिसतो. आता त्याचे अधिस्वर पाहा: षड्जाचा पाचवा १२००, पेटीच्या गंधाराचा चौथा जवळपास १२०९.५. सेकंदाला साडेनऊ विस्पंद. तंबोऱ्यात आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी पेटीचा गंधार मोजून-मापून भांडतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, पेटीवर घेता येत नाही, ही तक्रार वेगळी. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती अशाच कारणांसाठी, आणि ती तीसेक वर्षं टिकली. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नकोशी होती.

भौतिकशास्त्र बंदी घालणाऱ्यांच्या बाजूने होतं. महाराष्ट्र पेटीच्या बाजूने होता. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी याच वाद्यातून नाट्यपदं अशी वाजवली की बोटांखाली शब्द ऐकू यावेत. कोकणातल्या भजनी मंडळात रात्री अकराला बुवांनी भाता ओढून पहिला सूर दिला की अंगावर काटा येतो. त्यात ते साडेनऊ विस्पंद असतातच. ते त्या आवाजाचा रंग झालेत. भजनाची पेटी निखळ शुद्ध स्वरांत लावून दिली तर ती मला ओळखू यायची नाही.

इंडोनेशियातल्या बालीच्या गामेलान या वाद्यवृंदात तर हे मुद्दाम घडवतात. कांशाच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीने बनतात, आणि जोडीतलं एक दुसऱ्यापेक्षा थोडं चढं ठेवतात. दोन्ही एकत्र वाजली की सूर थरथरतो. या थरथरीला तिथे ओम्बाक, म्हणजे लाट, म्हणतात. ती नसेल तर आवाज मेलेला वाटतो. बाई अर्धा तास खपून जे घालवत होत्या, ते तिथला कारागीर तितकंच खपून आणतो. कान दोघांचे सारखे. विस्पंद दोघांनाही नेमके ऐकू येतात, नाहीतर ते इतके काटेकोर लावताच आले नसते.

ऐकू येणं आणि आवडणं यांच्यातली ही फट प्रयोगातही दिसली आहे. बोलिव्हियातल्या ॲमेझॉनच्या जंगलात त्सिमाने लोक राहतात. त्यांचं गाणं एकट्याने गायचं असतं, दोन वेगळे सूर एकत्र लावायची रीत नाही. जोश मॅकडरमॉट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीतात सुसंवादी आणि विसंवादी मानल्या जाणाऱ्या सुरांच्या जोड्या ऐकवल्या. २०१६ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की त्सिमानेंना दोन्ही सारख्याच आवडल्या. प्रश्नच समजला नसेल म्हणावं तर तेही नाही, कारण हसण्याचा आवाज आणि दचकून श्वास ओढल्याचा आवाज यांत त्यांनी हसण्यालाच पसंती दिली. खरखरीत आवाजही त्यांना इतरांसारखाच नकोसा वाटला. मग २०२० मध्ये त्याच गटाने दुसरा प्रश्न विचारला: ऐकलंत ते एक होतं की दोन? तेव्हा सा-प सारख्या जोड्या त्सिमानेंनाही मिसळून एक झाल्यासारख्या वाटल्या, अमेरिकेतल्या श्रोत्यांना वाटाव्यात तशाच. दोन तारांची एक तार होते हे तिथेही कळतं. त्यावर जीव जडतो, तो मात्र त्या जोड्यांत वाढल्यावर.

चित्रकलेतल्या निकषांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे हाताशी इतकं भक्कम काही नाही. सुवर्ण गुणोत्तराचा (लांबी रुंदीच्या सुमारे १.६१८ पट) फार गाजावाजा होतो. गुस्ताव फेशनर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७६ साली लिहिलं की दहा आयतांतून आवडता निवडायला सांगितलं तेव्हा सुमारे ३५ टक्के लोकांनी सुवर्ण आयत उचलला. नंतरच्या प्रयोगांत कुठे तसं दिसलं, कुठे नाही. विस्पंदासारखी बोट ठेवायची जागा डोळ्याच्या बाबतीत अजून तरी या गुणोत्तराला मिळालेली नाही. आपल्याकडे बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचे नियम मांडताना आकड्यांची वाट सोडून संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन लयतत्त्वं सांगितली. ती मला जास्त पटतात. नुसत्या संवादाने राग उभा राहत नाही. मारवा रागात गवई षड्जाला कितीतरी वेळ हात लावत नाही, कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो, ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवतो. आणि मग षड्ज येतो. हेल्महोल्ट्झच्या तराजूत कोमल रिषभाचं माप विसंवादाचं आहे. तो विसंवादी आहे म्हणूनच तो षड्ज तसा लागतो.

म्हणून मला वाटतं, निकष आहेत, पण ते सुटे, हवेत लटकणारे नाहीत. गायक बेसूर झाला की नाही हे मोजता येतं. मारव्यात षड्ज फार लवकर आला, हेही जाणकारांना निःशंकपणे सांगता येतं, आणि ते निव्वळ मत नसतं. फक्त ते कळायला मारव्यात मुरलेला कान लागतो. काश्मीरचे जुने काव्यमीमांसक अभिनवगुप्त यांनी सहृदय कुणाला म्हणायचं हे सांगताना अभ्यासाचा शब्द वापरला आहे: काव्याच्या अनुशीलनाने, सरावाने ज्यांच्या मनाचा आरसा लख्ख झाला ते सहृदय. त्याच व्याख्येत ते हृदयसंवाद म्हणतात. संवाद हा शब्द आपण सा-प साठी वापरतो आणि रसिकासाठीही वापरतो, याचं मला फार अप्रूप आहे.

क्लास सुरू होऊन सातेक महिने झाले असतील. पावसाळ्यात तंबोरा सारखा उतरायचा, त्यामुळे जुळवणं लांबलं होतं. बाईंनी दोरा सरकवला, खर्ज छेडला आणि त्या फोन घ्यायला आत गेल्या. मी एकटीच होते. तारेचा पहिला भरदार आवाज ओसरत गेला, त्याच्या वर काहीतरी बारीक, उजळ चमकायला लागलं, आधी पंचमासारखं, मग त्याहून वर. मी हळूच “ग” म्हणून पाहिलं. माझा आवाज त्याच्यात विरघळला. पुन्हा खर्ज छेडला. पुन्हा तो तिथेच होता.

बाई परत आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, “बाई, मागे मी खोटं बोलले होते. गंधार आज आला.”

“आला नाही गं,” त्या म्हणाल्या आणि पुढचा पलटा सांगायला लागल्या.