पेपर आहेत म्हणजे पिल्लू निरोगीच?

"आई-बाप दोघांचे पेपर आहेत, म्हणजे पिल्लू निरोगी." कॉली जातीचं कुत्रं घेताना हे हमखास ऐकायला मिळतं. शिक्क्याचा कागद समोर असला की विश्वास बसणं साहजिकच आहे. पण त्या कागदावर वंशावळ असते, तब्येत नसते.

कॉलींमध्ये डोळ्यांचा एक जन्मजात दोष बराच आढळतो. आई-बाप दोघेही त्याचे नुसते वाहक असले, म्हणजे दोषाचं जनुक त्यांच्यात दडलेलं असलं, तर त्यांचे स्वतःचे डोळे ठणठणीत असतात, तरी प्रत्येक पिल्लाला दोष असण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून पिल्लांचे डोळे ६ ते ८ आठवड्यांत, बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासून घ्यायचे. पुढे डोळ्याच्या आत रंग भरतो आणि सौम्य दोष झाकला जातो.

मला जास्त काळजी वाटते ती एमडीआर-१ जनुकाची, म्हणजे औषधं मेंदूत साठू न देणाऱ्या जनुकाची. त्यात बिघाड असेल तर खरजेसाठी मोठ्या डोसमध्ये दिलेलं आयव्हरमेक्टिन मेंदूत साठतं. लाळ गळते, कुत्रा झोकांड्या खातो, कधी दगावतोही. आपल्याकडे हे औषध सर्रास वापरलं जातं.

गालाच्या आतून फिरवलेल्या काडीवरच्या नमुन्यातून दोन्ही जनुकं तपासता येतात. ब्रीडरकडे आई-बापाचे हे रिपोर्ट मागा आणि त्यांवरचा मायक्रोचिप नंबर त्या कुत्र्यांच्या कातडीखालच्या चिपशी स्कॅनर लावून जुळवून पाहा.