बंद गीझरही झिजतो

“वर्षातून चार महिनेच तर लावतो, मग टाकी गळलीच कशी?” दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी गीझरचं बटण पहिल्यांदा दाबलं, की नागपुरातल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न निघतो. प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात इथे गीझर लागतच नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच अंगावर घेववत नाही. पण वापर नाही तर झीज नाही, हा हिशेब मिक्सरला चालेल, गीझरला नाही.

गीझरची टाकी बहुतेक वेळा साध्या पोलादाची असते. आतून तिला काचेचा पातळ मुलामा देऊन ८०० अंशांहून जास्त तापमानाला भाजलेलं असतं. तरी जोडांपाशी कुठे ना कुठे टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. तिथे पोलादाला पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन दोन्ही मिळतात. गंजायला एवढं पुरे. म्हणूनच टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवतात, तिला ॲनोड रॉड म्हणतात.

मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन सोडायला लोखंडापेक्षा कितीतरी उतावीळ. त्याचा प्रमाण विभव (ही ओढ मोजणारा आकडा, जितका जास्त उणे तितकी ओढ मोठी) उणे २.३७ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४. रॉड आणि टाकी धातूने जोडलेले आणि भोवती क्षारयुक्त पाणी, म्हणजे झाला की विद्युत घट! मॅग्नेशियमचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पोलादातून छिद्रापाशी पोचतात, तिथला ऑक्सिजन ते घेतो आणि पाण्याच्या साथीने हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. ऑक्सिजनला हवे ते इलेक्ट्रॉन असे परस्पर मिळाले, की लोखंडाला आपले द्यावे लागत नाहीत. टाकी वाचते, रॉड संपत जातो. या सगळ्यात भिंतीवरच्या बटणाचा संबंध कुठेच आला नाही. टाकीत पाणी आहे तोवर हे बाराही महिने चालू.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये हीच युक्ती ब्रिटिश जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यांवर करून पाहिली होती. तांबं वाचलं, पण त्याचं विष पाण्यात उतरेनासं झाल्यावर तळाला समुद्री जीव इतके चिकटले की जहाजं मंदावली, आणि नौदलाने युक्ती गुंडाळून ठेवली.

पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते आणि रॉड लवकर झिजतो. पेंच-कन्हानच्या नळाच्या पाण्यापेक्षा बोअरच्या पाण्यात ते सहसा जास्त असतात. बोअरवर चालणाऱ्या स्कीममध्ये राहत असाल तर रॉड दरवर्षी उघडून पाहावा. संपलेला रॉड ओळखायला शिकावं लागत नाही: हातात येते ती मधली बारीक तार आणि तिला चिकटलेले पांढरे चुरे. (पाइपला चुंबक बांधून पाणी ‘मऊ’ करून देणारे भेटले, तर आधीचा आणि नंतरचा कठीणपणा मोजून दाखवा म्हणावं. कॅल्शियम चुंबकाला घाबरून पाण्यातून पळून जात नाही.)

रॉड संपला की गंजाची पाळी टाकीची. सकाळचं पहिलं गरम पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. तांबूस दिसलं तर लगेच थंड नळाचंही पाहा. दोन्ही तांबूस असतील तर दोष इमारतीच्या जुन्या लोखंडी पाइपचा, फक्त गरम तांबूस असेल तर गीझरचा. बरेच महिने बंद असलेल्या टाकीतून कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तो सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा प्रताप. पाणी पूर्ण तापवून टाकी रिकामी केली की बहुधा जातो.

खडखड आवाज म्हणजे एलिमेंटवर क्षारांचा थर बसला, त्याखाली वाफेचे बुडबुडे फुटताहेत. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्ह टपकला तर मात्र घाबरू नका: १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की पाव लिटरच्या आसपास फुगतं, ते कुठेतरी जाणारच. थंड असतानाही टपकत राहिला तर दाखवा. आणि गीझर लावताच ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर एलिमेंटची नळी चिरून वीज पाण्यात उतरत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ईएलसीबी काढून थेट जोडून देणारा इलेक्ट्रिशियन दारातूनच परत पाठवा.

टाकीच गळू लागली तर वेल्डिंगवर पैसे घालू नयेत. त्या उष्णतेने आजूबाजूचा काचेचा मुलामा तडकतो, आणि एका छिद्राच्या जागी गंजायला वीतभर पोलाद उघडं पडतं.