'सँक्चुअरी कॅम्पस': एका शब्दाची पार्श्वभूमी

१६ नोव्हेंबर २०१६. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प जिंकून जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी देशभरातल्या अनेक कॅम्पसवर विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर आले. मागणी होती, आमचं विद्यापीठ 'सँक्चुअरी कॅम्पस' म्हणून, म्हणजे कागदपत्रांविना देशात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हद्दपारीपासून आसरा देणारी जागा म्हणून जाहीर करा.

त्या आठवड्यात बातम्या मात्र वेगळ्याच गोष्टींच्या झाल्या: पुढे ढकललेल्या परीक्षा, एकत्र बसून रडणारी मुलं, त्यांचा जीव रमावा म्हणून आणलेली कुत्री. आयोवातल्या एका आमदाराने असा खर्च करणाऱ्या विद्यापीठांचा निधी कापण्याची भाषा केली. त्रास खोटा नव्हता. ॲरिझोनातल्या एका सरकारी विद्यापीठात दोन-तीन महिन्यांनी मानसशास्त्राच्या ७६९ विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यातल्या सुमारे २५ टक्क्यांमध्ये निवडणुकीशी निगडित गंभीर ताणाची लक्षणं आढळली. पाहणी एकाच विद्यापीठातली, एकाच विषयाच्या मुलांची, तेव्हा हा आकडा देशाला लावू नये.

पण काही मुलांची भीती समुपदेशकाच्या खोलीत मावणारी नव्हती. लहानपणी आईवडिलांबरोबर कागदपत्रांविना आलेल्या मुलांना २०१२ पासून 'डाका' योजनेत तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना मिळत होता. त्यासाठी त्यांनी आपला पत्ता आणि बोटांचे ठसे स्वतःहून सरकारला दिले होते. आता अशा लोकांना हद्दपार करू म्हणणारं सरकार येणार होतं आणि पत्ता सरकारजवळच होता. अशा मुलाला 'आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' एवढ्या ईमेलने झोप येत नाही.

शब्द आला चर्चमधून. १९८२ साली ॲरिझोनातल्या टुसॉनमधल्या एका चर्चने मध्य अमेरिकेतल्या यादवीतून पळून आलेल्यांना उघडपणे आसरा दिला. पुढे शहरांनी तो शब्द घेतला, २०१६ मध्ये विद्यार्थ्यांनी. आपल्याकडे सँक्चुअरी म्हटलं की राधानगरी, भीमाशंकर डोळ्यांपुढे येतं. पण 'अभयारण्या'मागे कायदा असतो. 'सँक्चुअरी कॅम्पस'ला कायद्यात व्याख्याच नव्हती.

मग विद्यापीठाला करता काय येत होतं? बरंच काही, पण बारीकसारीक. वसतिगृहाच्या दारात स्थलांतर खात्याचा अधिकारी आला, तर हातातल्या वॉरंटवर न्यायाधीशाची सही आहे की त्याच्याच खात्यातल्या कुणाची, हे आधी पाहायचं. खात्याच्या सहीवर बंद खोलीत शिरता येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या कायद्याचं कवच आहे, पण नाव-पत्त्यासारखी माहिती विद्यार्थ्याने हरकत नोंदवली नसेल तर बाहेर जाऊ शकते, हे मुलांना समजावायचं. मोफत वकील द्यायचा.

हे सगळं करूनही शब्द वापरायचा की नाही, यावर विद्यापीठं फुटली. पोर्टलंड आणि फिलाडेल्फियातल्या विद्यापीठांनी वापरला. मॅसॅच्युसेट्समधल्या सर्वांत जुन्या विद्यापीठाने नाकारला: शब्दाला कायद्याचा आधार नाही, उलट ज्यांना वाचवायचं त्यांच्याकडेच लक्ष वेधलं जाईल. टेक्ससच्या गव्हर्नरांनी निधी तोडण्याचा इशारा दिला. जॉर्जियाने २०१७ मध्ये अशा खासगी कॉलेजांचं राज्याचं अनुदान बंद करणारा कायदाच केला.

मला शब्द नाकारणाऱ्यांचं म्हणणं पटतं. पाळता येणार नाही असं अभय देऊ नये. पण विद्यार्थीही चुकले नव्हते. आपल्या संस्थेने आपल्या बाजूने चारचौघांत बोलावं, एवढंच ते मागत होते. ट्रम्प यांना मत दिलेल्या मुलांना विद्यापीठांची धीर देणारी पत्रं आपल्याला वगळून लिहिल्यासारखी वाटली, हेही खरंच.

२०२४ पर्यंत वारं फिरलं होतं. अनेक विद्यापीठांनी राजकीय प्रश्नांवर मौनाचं धोरण स्वीकारलं होतं. त्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले, तेव्हा विद्यापीठांची पत्रं आली ती कोरडी, कामाची: परदेशी विद्यार्थ्यांनी सुट्टीवरून २० जानेवारीपूर्वी, म्हणजे ट्रम्प यांच्या शपथविधीआधी परत यावं. २०२३-२४ मध्ये तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे हे पत्र पुण्या-नागपुरातल्या घरांतही वाचलं गेलं आणि तिकिटं अलीकडची निघाली. जानेवारीत शाळा-चर्चमध्ये कारवाई टाळण्याचं २०११ पासूनचं सरकारी धोरण रद्द झालं. २०२५ च्या वसंतात परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसा-नोंदी, म्हणजे तिथे शिकायला कायदेशीर राहण्याच्या सरकारी नोंदी, घाऊक रद्द झाल्या. त्यांत भारतीय मुलं बरीच होती. काही जणांना हे कळलं ते विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातून आलेल्या ईमेलमुळे. मुलं कोर्टात गेली आणि एप्रिलच्या अखेरीस सरकारने नोंदी पुन्हा सुरू करायला घेतल्या.