एकाच कोंबडीकडून अंडीही हवीत आणि मांसही

वर्षाला २५० अंडी आणि तीन महिन्यांत तीन किलो वजन, असे आश्वासन देणाऱ्या पिल्लांच्या जाहिराती हल्ली सर्रास पाहायला मिळतात. यांतला प्रत्येक दावा सुटा घेतला तर अशक्य नाही. व्हाइट लेगहॉर्नपासून तयार केलेल्या संकरित लेअर कोंबड्या वर्षाला ३०० च्या वर अंडी देतात आणि ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. मात्र हे दोन वेगळे पक्षी आहेत. अंडी देणारी ती लेअर स्वतः दीड किलोच्या आसपासच असते. दुहेरी उपयोगाची जात या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि जात निवडणे म्हणजे ती नेमकी कुठे बसलेली हवी हे ठरवणे होय.

ही तडजोड टळत का नाही, याचे उत्तर कोंबडीच्या अंडाशयात आहे. कोंबडीत बहुधा डावे अंडाशयच कार्यक्षम असते. अंड्यावर आलेल्या कोंबडीचे अंडाशय द्राक्षाच्या घडासारखे दिसते, पण त्यातील पिवळे गोळे एकाच आकाराचे नसतात. सर्वांत मोठा गोळा उद्याच्या अंड्याचा बलक असतो, त्याहून थोडा लहान परवाच्या अंड्याचा, आणि अशी पाच ते आठ गोळ्यांची उतरंड तेथे लागलेली असते. या गोळ्यांना पुटक म्हणतात. बलकाची चरबी आणि प्रथिने अंडाशयात तयार होत नाहीत. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या आज्ञेवरून यकृत ती बनवते आणि रक्तावाटे पुटकांकडे पाठवते. बारीक पुटकांच्या गर्दीतून साधारणपणे रोज एकच पुटक या उतरंडीत शिरते आणि सात ते दहा दिवसांत झपाट्याने भरते.

पक्व पुटक फुटून बलक अंडनलिकेत उतरला की त्यावर पांढऱ्याचे थर चढतात, पापुद्रे येतात आणि शेवटी सुमारे वीस तास कवच घडत राहते. हा सगळा प्रवास २४ ते २६ तासांचा असल्यामुळे कोंबडी रोज आदल्या दिवशीपेक्षा थोड्या उशिरा अंडे घालते. मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून पुटक फोडणारे संप्रेरक मात्र रात्रीच्या ठरावीक आठ-दहा तासांतच उसळते. उशीर साचत साचत ही वेळ हुकली की त्या दिवशी बलक सुटत नाही आणि अंड्याचा खाडा पडतो. लेअर जातींत पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीने हे चक्र जवळजवळ २४ तासांवर आणले आहे, त्यामुळे त्यांची अंड्यांची मालिका लांबते. गावरान कोंबडीची मालिका आखूड असते, शिवाय ती मध्येच खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते, आणि वर्षाला ५०-६० अंड्यांवर थांबते.

आता अंगाने भारी कोंबडीचे पाहू. मांसासाठी निवडलेल्या वाणाची मादी मनसोक्त खाऊ लागली की एकाच वेळी दोन-दोन पुटके सारख्याच आकाराची होतात आणि उतरंडीची शिस्त मोडते. मग दोन बलकांचे अंडे येते, कधी मऊ कवचाचे येते, तर कधी सुटलेला बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडतो. भारी कोंबडीत बलक जास्त बनतात आणि धड अंडी मात्र कमी मिळतात. म्हणूनच ब्रॉयलरच्या पैदाशीसाठी ठेवलेल्या माद्यांना खाद्य मोजून द्यावे लागते. दुहेरी उपयोगाच्या जातींनाही हा नियम सौम्य प्रमाणात लागू आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजाच्या मादीचे वजन अंड्यावर येताना सव्वादोन ते अडीच किलोंच्या दरम्यान राखावे, असे सांगितले जाते. धान्य घालून तिला लठ्ठ करणारे पालक पुढे अंडी कमी मिळतात म्हणून जातीलाच दोष देतात.

परसात मोकळी फिरणारी वनराजा वर्षाला साधारण १००-११० अंडी देते आणि तिचे नर मांसासाठी चांगले भरतात. त्याच संस्थेची ग्रामप्रिया अंड्यांकडे झुकलेली असून ती १६०-१८० पर्यंत जाते, पण अंगाने हलकी असते. बंगळुरूची गिरिराजा वनराजाच्या पंक्तीतली आहे. या सर्व व्यवहारात मांस मुख्यतः नरांचे आणि अंडी माद्यांची, हे लक्षात ठेवले की निवड सोपी होते. लेअरच्या नर पिल्लांना पहिल्याच दिवशी मारण्याची जगभर रूढ असलेली प्रथा जर्मनीने २०२२ पासून बंद केली, तेव्हा दुहेरी उपयोगाच्या जातींकडे तेथे पुन्हा लक्ष वळले ते याच कारणाने.

कडकनाथ या यादीत मी मुद्दाम घेतलेला नाही. झाबुआच्या या पक्ष्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो काटक आहे आणि चवीला त्याचे चाहते आहेत. परंतु त्याची वाढ संथ आहे आणि अंडी लहान व थोडी असतात. त्याचे काळे मांस ही जनुकीय बदलामुळे रंगपेशी शरीरभर पसरल्याची खूण आहे, आणि चीनच्या सिल्की कोंबडीतही तोच बदल आढळतो. या काळेपणावर रोग बरे करण्याचे दावे चढवून पिल्लांचे भाव फुगवणे हा निव्वळ धंदा आहे.

निवड करताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. वनराजा, ग्रामप्रिया आणि गिरिराजा हे संकर आहेत. त्यांच्या घरच्या अंड्यांतून उबवलेल्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात, कोणी वाढीला मागे राहते तर कोणी अंड्यांना, म्हणून पिल्ले दर वेळी उबवणी केंद्रातून आणावी लागतात. ज्यांना घरचाच कळप चालवायचा आहे त्यांनी ऱ्होड आयलंड रेडसारखी शुद्ध जात घ्यावी आणि तिचा तांबडा नर इतर कोंबड्यांत मिसळू देऊ नये; ही कोंबडी फारशी खुडूक होत नसल्यामुळे अंडी उबवायला मात्र शेजारची एखादी गावरान कोंबडी हाताशी असलेली बरी.