नाव ठाऊक नसलेली फाइल जावाला कशी सापडते?

जावात लिहिलेल्या प्रोग्रामसोबत नुसता कोड नसतो. सेटिंगच्या फाइली, संदेशांची भाषांतरं, ईमेलचे साचे असा बराच पसारा असतो. तो ज्या फोल्डरांत आणि जार फाइलींत (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांत) विखुरलेला असतो, त्यांची यादी म्हणजे क्लासपाथ. तिथून हवी ती वस्तू काढून देणारा तो क्लासलोडर.

पूर्ण नाव सांगितलं की क्लासलोडर फाइल आणून देतो. पण ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ असं त्याला विचारायची सोयच जावात नाही. मला हे पटतं. क्लासलोडर डिस्कवरूनच वाचतो असं नाही. तो नेटवर्कवरून आणू शकतो, आयत्या वेळी तयारही करू शकतो. जे अजून तयारच झालेलं नाही, त्याची यादी कोण देणार?

मग ‘संदेश’ फोल्डरखालच्या सगळ्या एक्सएमएल फाइली हव्या असतील तर? स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे जावा प्रोग्राम लिहिण्यासाठीच्या एका तयार चौकटीत, ‘क्लासपाथ*:संदेश/**/*.एक्सएमएल’ अशा धर्तीचा नमुना लिहितात. नावातला एकटा तारा म्हणजे त्याच पातळीवरची कितीही अक्षरं. जोडतारा म्हणजे कितीही खोलवरची फोल्डरं. एकटा तारा बराच जुना. १९७१च्या युनिक्समध्ये तो उलगडायला ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा प्रोग्रामच होता.

स्प्रिंग नमुन्यातला पहिल्या ताऱ्याआधीचा भाग सुटा करतं: ‘संदेश/’. हे नाव पक्कं, म्हणून ते क्लासलोडरला विचारता येतं. हे फोल्डर जिथे जिथे आहे, ती ठिकाणं तो सांगतो. पुढची मेहनत स्प्रिंगची. साधं फोल्डर असेल तर ते आत उतरत जातं. जार असेल तर ती उघडतं. जार ही मुळात झिप फाइल, आणि झिपच्या शेवटी आतल्या नोंदींची सूची असते. त्यातली एकेक नोंद नमुन्याशी ताडून पाहिली जाते.

‘क्लासपाथ’ला चिकटलेला तारा विसरलात, तर शोध पहिल्या सापडलेल्या ठिकाणीच थांबतो. दुसरी अडचण अधिक छळते. झिपमध्ये फोल्डरची स्वतंत्र नोंद असलीच पाहिजे असा नियम नाही, आणि जार बांधताना ती गाळली गेली तर क्लासलोडरच्या लेखी ते फोल्डर नसतंच. फाइली आत असूनही शोध रिकामा परततो, तोही चूक न दाखवता. आपल्या मशीनवर खरं फोल्डर असल्याने तिथे सगळं सुरळीत दिसतं. म्हणून चाचणी बांधलेल्या जारवरच घ्यावी, आणि फाइली थेट मुळाशी न ठेवता नाव असलेल्या फोल्डरात ठेवाव्यात. ‘क्लासपाथ*:*.एक्सएमएल’मध्ये ताऱ्याआधी विचारायला नावच उरत नाही.