ती ‘नको’ म्हणते तेव्हा: प्रसूतीतल्या संमतीचा पेच

दाखल होताना केलेली एक सही पुढच्या प्रत्येक तपासणीला आणि सुईला लागू होत नाही. कळांनी बेजार झाली म्हणून बाईची निर्णय घेण्याची क्षमता संपत नाही. ऐकायला-बोलायला तिला दोन कळांमधली मिनिट-दोन मिनिटंच मिळतात, आणि प्रसाविकेचे, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सुईणीचे, अनेक नैतिक पेच या अपुऱ्या वेळातूनच उभे राहतात.

सगळं सुरळीत असेल तर पहिल्या टप्प्यात, म्हणजे गर्भाशयाचं तोंड उघडत असताना, आतून तपासणी दर ४ तासांनी पुरते. ती मध्येच ‘थांबा’ म्हणाली तर हात काढून घ्यायचा. ‘झालंच आता’ म्हणत रेटायचं नाही. कळांचा जोर, त्यांच्यातलं अंतर आणि पोटावरून लागणारं बाळाचं डोकं यांवरूनही बराच अंदाज येतो.

खरा कस लागतो तो बाळाचे ठोके उतरल्यावर. ते मिनिटाला ११० ते १६० असावेत. जोर करण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, कळ ओसरताच पूर्ण मिनिटभर ऐकायचे. कमी वाटले तर त्याच वेळी आईची नाडी बोटांनी मोजायची, कारण यंत्र कधी कधी आईचेच ठोके पकडतं आणि पुढचा निर्णयच चुकतो. ठोके खरोखर उतरले असतील तर तिला कुशीवर वळवून मदत बोलवायची. योनीमार्गाचं तोंड रुंद करणाऱ्या छेदाची गरज वाटली तर थोडक्यात सांगायचं: “बाळाचे ठोके कमी झालेत. छेद दिला तर ते लवकर बाहेर येईल. जागा बधिर करून देऊ का?” होकाराआधी कात्री लावायची नाही. ‘बाळ दगावेल’ अशी धमकी देऊन मिळवलेला होकार ही संमती नव्हे. सरसकट छेदाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही.

बाळंतपणानंतर रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिन या गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधाची १० युनिट्स स्नायूत देतात. हे इंजेक्शन द्यावं असंच आमचं ठाम मत आहे. तरीही ती नाकारू शकते. मग वार (नाळेला जोडलेली अपरा) आपोआप सुटेपर्यंत वाट पाहायची. नाळ ओढायची नाही, नाहीतर ती तुटू शकते किंवा गर्भाशय उलटं बाहेर येऊ शकतं. ‘रक्त जास्त गेलं तर इंजेक्शन चालेल का?’ हे गरोदरपणातच विचारून ठेवावं. किती रक्त गेलं याचा नुसत्या नजरेचा अंदाज बहुधा कमी भरतो, म्हणून भिजलेली कापडं तोलायची आणि कोरड्या कापडांचं वजन वजा करायचं. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर. ५०० मिलिलिटर या अतिरक्तस्रावाच्या हद्दीला पोहोचण्याची वाट न बघता, धार वाढताच इंजेक्शनबद्दल पुन्हा विचारायचं.

नातेवाईक तिच्या वतीने बोलत असतील तर त्यांना थोडा वेळ बाहेर थांबवून तिलाच विचारावं. नोंदीत ‘नकार दिला’ एवढंच लिहून भागत नाही. काय सांगितलं, कोणता धोका समजावला, ती काय म्हणाली आणि किती वाजता, हे तिच्याच शब्दांत लिहावं. पुढच्या पाळीच्या प्रसाविकेने तोच प्रश्न तिला पुन्हा विचारावा, कारण तिचं मत बदललेलं असू शकतं.